निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मस्कतच्या रेसिडेंट कार्डाच्या खिडकीतली मुलगी
तिसऱ्यांदा म्हणते, दाबा.
मी दाबतो.
काचेखाली हिरवा दिवा लुकलुकतो, विझतो.
डावा द्या. तोही यंत्र घेत नाही.
काम काय करता, विचारते,
मग स्वतःच वाचते कार्डावरून: मसाज थेरपिस्ट,
आणि टिश्यूचा डबा पुढे सरकवते.

तेल नाही हो ते. रेषाच गेल्यात.
पाच वर्षं, रोज आठ तास, तीळतेल आणि माणसांच्या पाठी.
जात्याच्या खुंट्यासारखा गुळगुळीत झालाय अंगठा.

आमचे पणजोबा दाभोळचे, गलबतावर खलाशी.
त्यांची एकच सही घरात उरलीय,
एका कर्जरोख्यावर, जांभळी, पसरट,
शेजारी कारकुनाचं किरटं अक्षर:
नि. डा. हा. अं.
पुढे तीन पिढ्यांत कोणी अंगठा उठवला नाही,
वडील पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.
माझी सही तर इतकी वळणदार
की बँकेनं दोनदा चेक परत पाठवला.

त्याच सहीनं मी बासष्ट माणसं घरी धाडली.
घाला (भागाचं नावच आहे ते, मी ठेवलेलं नाही),
तिसरा मजला, एचआर.
दोन खुर्च्या, पाण्याचा जग, टिश्यू.
या, बसा. तिसऱ्या मिनिटाला पत्र.
माणशी सहा मिनिटं, असा माझा हिशोब बसला होता.

बासष्टावा मोइदीन. क्रेनवरचा, मलप्पुरमचा.
पत्र वाचलं नाही, घडी घालून खिशात ठेवलं.
म्हणाला, साब, गर्दन.
उठला, टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आला.
मला वाटलं, आता गळा दाबतो.
त्यानं मानेच्या मुळाशी अंगठा टेकवला
आणि वाट पाहिली.
काटकी मोडावी तसा आवाज आला.
डावीकडे खिडकी होती. माझ्याच केबिनला.
कितीतरी महिन्यांनी मला ती दिसली.

यानंतर लगेच राजीनामा दिला, असं काही नाही.
दोन वर्षं हप्ते फेडले.
आणखी पत्रं दिली, सात-आठ.
मग गेलो त्रिचूरला शिकायला, बेचाळिसाव्या वर्षी,
वर्गातली पोरं मला अंकल म्हणायची.

आई फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, अरे, आपल्याकडे बाई यायची चोळायला.
आपण नाही जायचो कुणाकडे.
मुलीनं शाळेच्या फॉर्मवर लिहिलं, वडील: हेल्थकेअर.
मी खोडलं नाही.
मृद्गंधा गाडी विकली त्या दिवशी बोलली नाही,
आणि रात्री पालथी पडून म्हणाली, हं, कर.

पाठीला हुद्दा नसतो, असं म्हणायचा मोह होतो.
खोटं आहे.
टँकरवाल्याची उजवी कूस आखूड.
मॅनेजर म्हणतो, मी रिलॅक्स आहे, आणि खांदे कानाशी.
वेल्डर शेवटपर्यंत सोडत नाही स्वतःला,
वरून काहीतरी पडेल, असा पडून राहतो.
आणि मत्रहचा तो म्हातारा कोळी,
हात लावताच झोपतो, घोरतो,
पैसे मात्र मोजून, शंभर बैसा कमीच देतो.

मोइदीनचा नंबर माझ्याकडे नाही.
होता, कंपनीच्या फोनमध्ये.
टेबलावर कोणी पालथा पडला
की आधी मान बघतो मी, मग नाव विचारतो.

खिडकीतली मुलगी एकेक बोट मागते.
तर्जनी, नाही. मधलं, नाही.
शेवटी करंगळी लागते. दिवा हिरवा.
करंगळीचं काम नसतं माझ्या धंद्यात,
ती अजून पूर्वीचीच आहे.

कार्ड देताना ती उजवं मनगट दाबते, झटकते,
पुन्हा माउसवर ठेवते.
कुठे दाबायचं ते मला ठाऊक आहे,
दोन बोटं वर, हाडाच्या आतल्या बाजूला.
मधे काच.
एकशे चौदा, ती म्हणते,
माझ्या खांद्यावरून मागे बघत.